वजन भरेपर्यंत

यवतमाळ,
२ मार्च १९६१

घाटंजीच्या सदाशिवभाऊले कमरुन्निसाचा सलाम.

(लिहिणारी मी विमल, आपांच्या शेजारची शाळामास्तरीण. आपा सांगतात तसंच उतरवते आहे. कंसात जे येईल ते माझं समजावं.)

भाऊ, माह्या भावाचा, गफ्फारचा चाळिसावा दिवस करून मी परत आली, पन मन तिकडंच हाय. रस्त्यानं सायकलची घंटी वाजली का मी दारात जाऊन उभी राहतो. विम्याच्या कामानं यवतमाळले आला का पयले माह्याकडे यायचा, पानी प्यायचा, अन् मंग साऱ्या तालुक्याच्या भानगडी सांगत बसायचा.

आता काम सांगतो. कळंबचे कापडवाले मोहिउद्दीनसाहेब हायेत, त्यायनं आपल्या पोरासाठी गफ्फारच्या जुबैदाले मांगनी घातली. दुकान मोठं, पोरगा बरा. ईद झाली का जवाब पाहिजे म्हनतात. गफ्फारले पोरगा नाही, म्हून आता घरात मोठी मीच. हो म्हनाले मी तयार हाय, पन एक गोष्ट आडवी येऊन राह्यली.

हिवाळ्यात मी घाटंजीले आलती, तवा बैठकीत एक पोट्टा जेवाले बसलेला. जहीर नावाचा, जिनिंग फॅक्टरीत इंजन पाहते तो. निरा काडी. रोज सांजेले यायचा, अन् हुस्नाभाबी त्याच्यापुढं तुपाच्या रोट्या, सालन, खीर ठेवायची. भाऊ, जवान पोरगी असलेल्या घरात परक्या पोट्ट्याले रोज जेवू घालाची आमच्यात रीत नाही. घातलं, म्हंजे बात पक्की. माह्या भावानं त्याले जबान देली असंन, तर कळंबले हो म्हनून मी ते मोडू का? अन् देली नसंन, तर एवढं चांगलं घर हातचं काहून घालवू?

भाबीले इचारलं. ते आदमी गेल्यावरच्या इद्दतीत बसली हाय, रडते अन् म्हनते, त्यायलेच मालूम. तुमी त्याचे जिवाचे दोस्त. त्याची सायकल घरापेक्षा तुमच्या दुकानापुढं जास्त उभी राहे. जबान देली होती का नाही, तेवढं कळवा.

(जुबैदालाच का विचारत नाही, असं मी म्हणून पाहिलं. आपा म्हणाल्या, "पोरीले इचाराची आमच्यात रीत नाही. तुमच्यात हाय का?" मी पाकिटावर पत्ता लिहिला.)

तुमची बहीण,
कमरुन्निसा


घाटंजी,
७ मार्च १९६१

कमरुन्निसा आपांना सदाशिवचा नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि जानेवारीपासून पहिल्यांदा मोठ्यानं हसलो. साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. इंदू आतून आली, तिच्या हातात पत्र दिलं. तीही हसली आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आपा, जहीरला जावई करायचं म्हणून नव्हे, त्याचं वजन वाढावं म्हणून जेवू घालत होते.

गफ्फारभाईंनी तुम्हाला साऱ्या जगाच्या गोष्टी सांगितल्या आणि ही एवढी सांगितली नाही, याचं नवल वाटतं. त्याचं असं आहे, की विमा उतरवायच्या आधी डॉक्टर माणसाला तपासतो. छाती मोजतो, वजन करतो. आपल्याकडची माणसं कामानं वाळलेली. वजन कमी भरलं की डॉक्टरला छातीच्या रोगाची शंका येते आणि कागद परत येतो. दुसऱ्या एजंटानं अशा माणसाचा नाद सोडून दिला असता. गफ्फारभाई त्याला घरी घेऊन यायचे. म्हणायचे, "याले आधी भरू, मंग मोजू." मुसलमान असला तर सरळ बैठकीत पानावर. हिंदूंपैकी कोणी त्यांच्या घरचं न खाणारा असला, तर माझ्या दुकानाच्या बाकावर बसवून केळी, दूध आणि शेंगदाण्याचे लाडू. बाजाराच्या दिवशी माझ्या पोती मोजायच्या काट्यावर वजन व्हायचं. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात लोखंडी वजनं. लोक सौदा सोडून बघायला उभे राहायचे. वजन वाढलं की माणसाचं कौतुक व्हायचं आणि घटलं की त्याच्या बायकोची चौकशी.

मीही त्यातूनच गेलो आहे. छप्पन साली विमा सरकारी झाला, तेव्हा नव्या उत्साहात त्यांनी सगळ्यांत आधी मला धरलं. तेव्हा मी आत्ताच्या निम्मा होतो. स्वतःच्या दुकानात तूप-गूळ असताना मी दुसऱ्याच्या घरचे लाडू खातो, हे इंदूला कळलं आणि तिनं डोक्यात राख घालून घेतली. "मी का यायले उपाशी ठेवतो?" असं म्हणत तणतणत त्यांच्या घरी भांडायला गेली आणि दिवेलागणीला हुस्नावहिनींकडून लाडवांची कृती शिकून आली. विमा केव्हाच निघाला, पण लाडू अजून चालू आहेत.

तांड्यावरच्या डोंगरसिंग नाईकांचं उलटं होतं. त्यांचा देह पाहून डॉक्टरनंच हात जोडले. मग गफ्फारभाईंनी त्यांना दर बाजाराला तांड्यापासून घाटंजीपर्यंत पायी आणायला सुरुवात केली. स्वतः सायकल हातात धरून बरोबर चालायचे आणि वाटभर बोलायचे, म्हणजे नाईकांना दम लागलाय हे लक्षात येऊ नये. नाईकांचा धाकटा भाऊ किसनसिंग मात्र हडकुळा. त्यानं डोकं चालवलं आणि डॉक्टरकडे निघताना माझीच वजनं धोतरात बांधून घेतली. एसटीत बसताना ती वाजली. गाडी सुटत होती, तरी गफ्फारभाईंनी त्याला खाली उतरवलं, वजनं मला परत केली आणि पुढे महिनाभर त्याला जेवू घातलं. खोटं त्यांना चालायचं नाही आणि स्वतःला तर बोलताच यायचं नाही. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

विम्याचं एक निमित्त होतं म्हणा ना. कोणाला साप चावला, कोणाची बाळंतीण अडली, कोणा दोन भावांनी बांधावरून डोकी फोडली, की ती सायकल निघायची. मुलींनी शाळेत जावं म्हणून ते दारोदार फिरले, तेव्हा लोक म्हणाले, आधी तुमची पाठवा. दुसऱ्या दिवशी जुबैदा मराठी शाळेच्या पहिल्या बाकावर होती. तिच्या परीक्षेच्या दिवशी मात्र विम्याचं कितीही मोठं काम असो, हे शाळेच्या कुंपणाबाहेर उभे. पोरगी आत गणितं सोडवायची आणि घाम यांना फुटायचा.

ते गेले त्या दिवशी बाजार होता, पण कोणी दुकान मांडलं नाही. जनाज्याबरोबर डोंगरसिंग नाईक चालत होते. वाटेत मला म्हणाले, "भाऊ, यायच्यासंगं इतके खेप चाललो, पन हे आज पयल्यांदा बोलून नाही राह्यले." मला पुढचं काही दिसेना झालं.

असो. मुद्दा तुमचा. जहीरला शब्द दिला असता तर मला नक्की सांगितलं असतं. दिलेला नाही. कळंबला खुशाल होकार कळवा.

तुमचा भाऊ,
सदाशिव


यवतमाळ,
१२ मार्च १९६१

सदाशिवभाऊले सलाम.

म्हंजे माह्या भावानं घराचा गोठा करून ठेवलता म्हना ना. अन् मी येडी त्या पोट्ट्याले जावई समजून बसली. पडद्याआडून त्याले दुवा देली, भाऊ. त्याच्या अंगाकडं पाहून शेरवानीचं मापही मनात घेतलं होतं. लाज वाटून राह्यली.

पन बरं झालं, तुमी सांगतलं. डोक्यावरचं ओझं उतरलं. ईदनंतरच्या पयल्या जुम्म्याले, म्हंजे चोवीस तारखेले, कळंबले होकार पाठवतो. मोहिउद्दीनसाहेबांचा मानूस दोनदा येऊन गेला. पोरगी कापडवाल्याच्या घरात जाईन, अंगावर कपड्याची कमी पडनार नाही. गफ्फार असता तर त्यालेही पसंत पडतं, असं मी मनाले सांगून राह्यली.

(तुमचं पत्र आपांनी माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. किसनसिंगच्या धोतराशी आलं की थांबवायच्या आणि पुन्हा वाच म्हणायच्या. काल त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, "इमलबाई, तुमी विमा काढला का?" आज माझ्याकडे शेवयांचं पातेलं आलं आहे. बाकी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, ती इंदूताईंच्या कानावर घाला. एवढ्या पत्रांत सगळ्यांचं वजन आलं, जुबैदाचं मत कुठंच आलं नाही.)

तुमची बहीण,
कमरुन्निसा


घाटंजी,
१८ मार्च १९६१

कमरुन्निसा आपा,

काल पाडवा झाला, आज ईद. दरवर्षी या दिवशी सकाळी गफ्फारभाई मला ओढत घरी न्यायचे आणि शिरखुर्म्याचा वाडगा रिकामा होऊ द्यायचे नाहीत. यंदा मी दुकान उघडून बसलो आहे. पण पत्र त्यासाठी नाही. आपा, कळंबला होकार पाठवू नका. निदान माझं पुढचं वाचेपर्यंत तरी.

विमलताईंचा कंस मी इंदूला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. तशीच मान खाली घालून म्हणाली, "जहीरचा विमा केव्हा निघाला?" मी म्हटलं, दिवाळीच्या आधी, पेढे नाही का खाल्ले आपण. ती म्हणाली, "मंग त्यायच्या घरी तूप जानेवारीपर्यंत कायले जात होतं?"

मी तिला म्हटलं, तू भाजी निवड. पण ते डोक्यात राहिलं. दिवाळीला विमा निघाला, तर तुम्ही हिवाळ्यात पाहिलात तो जहीर कशासाठी जेवत होता?

परवा जहीर आपण होऊन दुकानात आला. म्हणाला, "चाचा, मले जरा काट्यावर मोजता का?" मी विचारलं, कायले रे आता? तर म्हणाला, "दुसरी तपासनी बाकी हाय ना. गफ्फारचाचानं सांगतलं होतं, हिवाळा संपला का डॉक्टर पुन्हा मोजते. तोपर्यंत वजन उतरू द्याचं नाही." चाचा गेल्यापासून बिचारा खानावळीत जेवतो आणि वरून केळी खातो, चाचांच्या शब्दाला बट्टा लागू नये म्हणून.

आपा, माझा विमा आहे. डोंगरसिंगांचा आहे. अशी दुसरी तपासणी आमच्यापैकी कोणाचीही झालेली नाही. म्हणजे गफ्फारभाई खोटं बोलले. किसनसिंगला सुटत्या गाडीतून उतरवणारा माणूस एका पोराला पोळी खाऊ घालायला खोटं बोलला. मला वाटलं, भिडस्त स्वभाव, उद्यापासून येऊ नको म्हणायला जीभ रेटली नसेल. मी इंदूला हे सांगितलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी काटा पुसायला घेतला.

जहीरला पारड्यात बसवलं. उतरताना त्यानं विचारलं, "चाचाच्या घरचे सारे बरे हायेत ना?" बरे आहेत म्हटलं. केळी घेतली, पुन्हा तेच विचारलं. पायरी उतरला, परत आला आणि तेच विचारलं. शेवटी मी म्हटलं, कोण कोण सारे, नावं घेऊन विचार. तेव्हा पळाला.

आज ईद म्हणून इंदू हुस्नावहिनींजवळ बसायला गेली होती. परत यायला दुपार झाली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "तुमी अन् आपांनी लय लिहिलं. आता जिचं हाय ते लिहीन." त्याच्यापुढे एक अक्षर सांगायला तयार नाही. तेव्हा मी मागच्या पत्रात दिलेला सल्ला परत घेतो. थांबा, एवढंच म्हणतो.

सदाशिव


घाटंजी,
२० मार्च १९६१

फुफीजान,

सलाम. मी जुबैदा. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, आणि जे लिहायचं आहे ते तोंडानं कधी बोलले नसते. इंदूकाकू म्हणाल्या की तोंडानं बोलायचं नसेल तर कागदावर बोल, कागदाला लाज नसते. विमलबाई हे तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांनी हळू आवाजात वाचावं.

जहीरसाहेब आमच्याकडे जेवायला येऊ लागले तेव्हा मला त्यांचा रागच यायचा. दिवसभर शिवण करून वर रोट्या लाटायच्या. पण ते जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून पडद्याजवळ ठेवायचे. आमच्याकडे इतकी माणसं जेवून गेली, ताट कोणी उचललं नव्हतं. एकदा भाजीत मीठ पडलं नाही. ते मुकाट्यानं जेवले. अम्मीनं नंतर खाऊन पाहिली आणि कपाळाला हात लावला. पुढे एके दिवशी मी मुद्दाम मीठ घातलं नाही, तेव्हाही जेवले.

दिवाळीआधी त्यांचा विमा झाला. त्या रात्री मी अब्बांना वाढत होते. अब्बा म्हणाले, चला, जहीरचं वजन भरलं, उद्यापासून तुला एक ताट कमी. मी म्हटलं, अब्बा, मला वाटतं त्यांचं वजन अजून भरलं नाही.

अब्बांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या भरायला उठले, तो भरलेलाच होता. अब्बा एवढंच म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी बैठकीत ते जहीरसाहेबांना दुसऱ्या तपासणीचं सांगत होते. मी पडद्याआडून ऐकत होते. त्यांचे कान लालभडक झाले होते.

त्यानंतर त्यांनी मला कधी छेडलं नाही. फक्त एकदा, मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा सायकलची साखळी पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेटा, त्याचं वजन भरलं असं तुला वाटेल तेव्हा मला सांग. मी त्याच्या आईकडे जाईन. आणि नाहीच भरलं असं वाटलं, तर तेही सांग. तू सांगेपर्यंत मी कुठंच हो म्हणणार नाही." अम्मीनं हे ऐकलं होतं. पण ही गोष्ट बापलेकीची आहे, मी कशी सांगू, असं म्हणून ती तुमच्यापुढे नुसती रडली.

माझं ठरलं होतं, फुफीजान. पण सांगायची लाज वाटत होती. संक्रांत होऊ दे, मग सांगू, असं मनात म्हणत राहिले. आणि त्याच आठवड्यात अब्बा गेले. त्यांना सांगायचं माझं राहून गेलं. रात्री झोप लागत नाही ती याचीच.

जहीरसाहेबांना यातलं काही माहीत नाही. अब्बांनी त्यांना शब्द दिला नव्हता, सदाशिवकाका खरंच सांगतात. अब्बांनी शब्द दिला होता तो मला. तो मोडायचा की ठेवायचा, आता तुमच्या हातात आहे.

तुमची,
जुबैदा


यवतमाळ,
२३ मार्च १९६१

जुबैदा बेटा,

(हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. आपा सांगायला लागायच्या आणि उठून अंगणात जायच्या.)

तुही चिठ्ठी इमलबाईनं हळूच वाचली, पन मी आयकून इतकी रडली का शेजारच्या धुरपताबाईले वाटलं, घरात आनखी कोनी गेलं. तिले सांगतलं, गेलं नाही बाई, येनार हाय.

कळंबले काल मानूस पाठवला. म्हनलं, माफ करा, पोरीच्या बापानं पयलेच जबान देऊन ठेवली हाय. मोहिउद्दीनसाहेब घुश्शात हायेत. जहीर का करते, कोनत्या खानदानातला, सारं इचारून पाठवलं. म्हनलं, बिन मिठाची भाजी खाते.

तू लिवलं, तुह्या बापाले सांगाचं राहून गेलं. बेटा, मी त्याले तुह्यापेक्षा जास्त वर्सं पाहिलं. कान लाल करून जो मानूस खोटं बोलला, त्याले सारं समजलं होतं. त्याले फक्त तुह्या तोंडून आयकाचं होतं. ते त्याच्या नशिबात नव्हतं, तुहा त्यात गुन्हा नाही. आता रातच्याले झोपत जाय.

तुले एक गोष्ट सांगतो, ते घरात कोनी बोलत नाही. माहा निकाह झाला तवा गफ्फार लहान होता. सारं गाव मांडवात बसलेलं, बिर्यानीचे देग उतरलेले, अन् वकील-गवाह आत येऊन मले इचारतात, कबूल हाय का. मी मान डोलवली. तवा कोन नाही म्हनते? अन् हे पोट्टं सगळ्यायच्या मधात उभं राहून मोठ्यानं म्हनते, "आपाले हे आधी काहून नाही इचारलं? आता ते नाही म्हनली तर एवढी बिर्यानी कोन खाईन?" सारे हासले. अब्बानं त्याच्या थोबाडीत देली. मी घुंघटात होती, मले हासू नाही आलं. तुहे फुप्पा चांगले निघाले, अल्लाची मेहरबानी. पन ते माहं नशीब होतं, कोनी मले इचारलं म्हून नव्हे.

भाबीची इद्दत झाली का मी जहीरच्या मायकडे जाईन. पन त्याच्या आधी, देग चढायच्या आधी, मांडव पडायच्या आधी, कोनी आयकाले नसताना, मी तुले इचारतो. जुबैदा, जहीर तुले कबूल हाय का? जवाब तूच लिहून पाठव. इमलबाई अन् मी दारात पोस्टमनची वाट पाहून राह्यलो.

तुही फुफी,
कमरुन्निसा